मुक्त कार्यप्रणाली आणि संगीतनिर्मिती

माणसाने संगीतासाठी जी साधने घडविली, त्यांपैकी बहुतेक उघडून पाहता येतात. तंबोऱ्याची जवारी बिघडली तर कारागीर घोडी घासून ती पुन्हा लावतो. हार्मोनियमचा सूर उतरला तर झाकण काढून तो दुरुस्त करता येतो. वादकाला हे काम स्वतः येत असेलच असे नाही. पण ज्याला येते त्याच्या हाती वाद्य देण्यास कोणाची आडकाठी नसते. संगणक हे संगीताचे साधन झाल्यावर मात्र ही स्थिती पालटली. ज्या आज्ञावलीच्या आधारे आपण ध्वनिमुद्रण करतो, तिची रचना कशी आहे, ती अमुक वेळी अडखळली ती का, हे पाहण्याची मुभा सामान्यतः वापरणाऱ्याला नसते. ह्या रूढ व्यवस्थेला पर्याय म्हणून ज्या मुक्तस्रोत प्रणाली पुढे आल्या, त्यांत लिनक्स ही सर्वांत प्रसिद्ध होय. संगीतनिर्मितीसाठी ती कशी उपयोगी पडते, कोणती अडचण ओलांडून ती येथवर आली आणि अजूनही कोठे अपुरी पडते, ह्यांचा विचार ह्या प्रकरणात करावयाचा आहे.

कार्यप्रणाली आणि तिचे मुक्त असणे

संगणकाच्या परिभाषेत जिला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात, तिलाच येथे कार्यप्रणाली म्हटले आहे. तिचे काम एकेरी मार्गावरील स्टेशनमास्तरासारखे असते. मार्ग एक आणि गाड्या अनेक. कोणती गाडी आधी सोडायची, कोणती थांबवून ठेवायची, हे त्याने ठरवायचे. संगणकाचा संस्कारक, त्याची स्मृती, चकती, पडदा आणि ध्वनीचे साधन ह्यांचा वापर एकाच वेळी अनेक आज्ञावल्यांना हवा असतो. त्यांची पाळी लावून देणाऱ्या मध्यवर्ती भागाला कर्नल, म्हणजे गाभा, असे नाव आहे.

रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली अमेरिकेत ग्नू ह्या प्रकल्पाची घोषणा केली. एक संपूर्ण कार्यप्रणाली तयार करायची आणि तिची मूळ संहिता सर्वांना खुली ठेवायची, असा त्यांचा संकल्प होता. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने स्वतंत्रपणे एक गाभा लिहून प्रसिद्ध केला. पुढच्याच वर्षी तो ग्नू प्रकल्पाच्या सार्वजनिक परवान्याखाली आला आणि दोन्ही प्रयत्नांची सांगड बसली. हा परवाना वापरणाऱ्याला चार गोष्टींची मोकळीक देतो: आज्ञावली कोणत्याही कामासाठी चालविणे, तिची संहिता अभ्यासणे, तीत बदल करणे आणि मूळ वा बदललेली प्रत दुसऱ्याला देणे. अट एवढीच की, बदललेली प्रत दुसऱ्याला देताना तिची संहिताही ह्याच मोकळिकीसह द्यावी लागते. ‘मुक्त’ म्हणजे ‘फुकट’ असा अर्थ पुष्कळदा केला जातो, तो अपुरा आहे. मुक्त आज्ञावली विकताही येते. मोल असते ते दुरुस्तीच्या अधिकाराला. हा अधिकार संगीताच्या क्षेत्रात कसा कामी आला, हे समजण्यासाठी आधी संगणकातील ध्वनीचे स्वरूप पाहावे लागेल.

आकड्यांत उतरलेला ध्वनी

मायक्रोफोनपाशी आलेले हवेचे कंपन विजेच्या दाबात रूपांतरित होते. हा दाब ठरावीक अंतराने मोजून प्रत्येक मापाचा एक आकडा लिहून ठेवला की ध्वनी संगणकात उतरतो. अशा एका मापाला आपण नमुना म्हणू. ध्वनिमुद्रणात आज सेकंदाला ४८,००० नमुने घेण्याची पद्धत सर्रास आढळते. कॉम्पॅक्ट डिस्कसाठी हाच आकडा ४४,१०० असा ठरला होता. प्रत्येक नमुना २४ बिटांचा, म्हणजे तीन बाइटांचा धरला, तर एका मायक्रोफोनचा ध्वनी मिनिटाला ८६ लाख ४० हजार बाइट जागा घेतो. सोळा मायक्रोफोनांनी पाच मिनिटांची रचना मुद्रित केल्यास सुमारे ६९ कोटी बाइट लागतील. आजच्या साध्या संगणकालाही एवढा साठा करणे जड जात नाही. खरी अडचण साठ्याची नाही, ती वेळेची आहे.

संगणकाच्या संगीताचा प्रारंभ झाला तेव्हा हा प्रश्न उपस्थितच झाला नव्हता. बेल प्रयोगशाळेतील मॅक्स मॅथ्यूज ह्यांनी १९५७ साली आपल्या आज्ञावलीच्या साहाय्याने १७ सेकंदांची एक रचना संगणकाकडून वाजवून घेतली. संगणक न्यूयॉर्क शहरात होता. त्याने काढलेले आकडे फितीवर घेऊन न्यू जर्सीतील प्रयोगशाळेत आणावयाचे आणि तेथे त्यांचा ध्वनी करावयाचा, असा तो क्रम होता. गणिताला कितीही वेळ लागला तरी बिघडत नसे, कारण ऐकणे नंतरचे होते. वादक समोर बसून वाजवू लागला आणि त्याच क्षणी त्याला उत्तर हवे झाले, तेव्हा परिस्थिती बदलली.

विलंब आणि खंड

संगणक ध्वनीचे नमुने एकेक करून हाताळत नाही. त्यांच्या तुकड्या करतो. एक तुकडी भरली की ती आज्ञावलीकडे जाते, तिच्यावर संस्कार होतात आणि ती ध्वनीच्या साधनाकडे परत येते. तुकडी १,०२४ नमुन्यांची असेल, तर ती भरण्यासच सुमारे २१ मिलिसेकंद लागतात. येताना एक आणि जाताना दोन अशा तीन तुकड्यांचा हिशेब धरला, तर गायकाचा आवाज त्याच्या कानातील हेडफोनपर्यंत पोहोचण्यास ६४ मिलिसेकंद जातात. साधनाच्या अंगचा थोडा विलंब ह्यात आणखी मिळतो.

हा काळ क्षुल्लक वाटेल, परंतु संगीतात तो क्षुल्लक नाही. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एका मात्रेत चार बोल येत असतील, तर एका बोलाच्या वाट्याला साडेबासष्ट मिलिसेकंद येतात. ६४ मिलिसेकंदांचा विलंब म्हणजे तबलजीला आपलाच हात एक संपूर्ण बोल मागे ऐकू येणे होय. अशा स्थितीत वादन करणे अशक्यप्राय ठरते. हीच तुकडी १२८ नमुन्यांची केली, तर एकूण विलंब ८ मिलिसेकंदांवर येतो. ध्वनी हवेतून एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो हे लक्षात घेतले, तर ८ मिलिसेकंद म्हणजे पावणेतीन मीटर अंतरावर बसलेल्या साथीदाराचे वाद्य ऐकण्याइतकाच उशीर झाला. इतका उशीर मैफलीत आपण नेहमीच सहन करतो.

मग तुकडी लहानच का ठेवू नये, असा प्रश्न कोणीही विचारील. त्याचे उत्तर असे की, १२८ नमुन्यांची तुकडी सेकंदाला ३७५ वेळा हातावेगळी करावी लागते आणि त्यांतील एकही वेळ चुकून चालत नाही. तुकडी वेळेवर पोहोचली नाही, तर ध्वनीच्या साधनाकडे वाजविण्यासारखे काही उरत नाही. ‘टक्’ असा आवाज होऊन ध्वनीत खंड पडतो. मुद्रण चालू असताना पडलेला खंड कायमचा त्या मुद्रणात राहतो. गायकाला पुन्हा तशीच तान सुचेल ह्याची कोण हमी देणार?

येथे स्टेशनमास्तराचे उदाहरण पुन्हा उपयोगी पडते. दिवसभरात सरासरीने किती गाड्या सोडल्या ह्यावर तो कुशल ठरत असेल; पण डाकगाडीला मार्ग मिळण्यास एकदा जरी उशीर झाला तरी डाक चुकतेच. सर्वसाधारण कार्यप्रणाली सरासरी साधण्यासाठी रचलेल्या असतात. संगीताला सरासरीचा उपयोग नाही. सर्वांत वाईट क्षणीही वेळ पाळली जाणे, ही त्याची गरज आहे.

गाभ्यातील दुरुस्ती

१९९० च्या दशकातील लिनक्स ह्या कसोटीला उतरत नसे. गाभा एकदा चकतीवर लिहिण्यासारख्या कामात गुंतला की ते संपेपर्यंत तो दुसऱ्या कोणाकडे लक्ष देत नसे, आणि हा खोळंबा कधी कधी शंभर मिलिसेकंदांच्या घरात जाई. शिवाय ध्वनीच्या साधनांशी बोलणारा प्रणालीतील भागही प्राथमिक होता. फिनलंडमधील हानू सवोलायनेन ह्यांनी तो आरंभीच्या काळात तयार केला होता. साधी ध्वनिकार्डे त्यावर चालत; अनेक मार्गांच्या व्यावसायिक साधनांना तो पुरेसा नव्हता.

बंद प्रणालीच्या बाबतीत अशा वेळी उत्पादकाकडे मागणी नोंदवून वाट पाहणे एवढेच हाती उरते. येथे मात्र संहिता समोर होती. चेक आज्ञावलीकार यारोस्लाव्ह किसेला ह्यांनी १९९८ साली ‘अल्सा’ नावाने ध्वनीचा नवा पाया घालण्यास प्रारंभ केला. २००३ च्या डिसेंबरात प्रसिद्ध झालेल्या २.६ ह्या आवृत्तीत तोच गाभ्याचा मुख्य ध्वनिविभाग झाला. त्याच काळात इंगो मोल्नार, अँड्र्यू मॉर्टन आणि रॉबर्ट लव्ह ह्यांनी गाभ्यातील खोळंब्याच्या जागा शोधून दुरुस्त्या लिहिल्या. ध्वनीच्या आज्ञावल्या लिहिणारे लोक ह्या दुरुस्त्या आपल्या संगणकावर चढवून खोळंबा मोजत आणि निष्कर्ष परत कळवीत. दुरुस्ती करणारा आणि तिची गरज असणारा ह्यांच्यामध्ये कोणतेही दार नव्हते, ही ह्या घटनेतील महत्त्वाची गोष्ट होय.

गाभ्यातील जवळपास प्रत्येक काम मध्येच थांबविता यावे, असा अधिक मूलगामी प्रयत्न २००४ च्या सुमारास सुरू झाला. इंगो मोल्नार आणि टोमास ग्लाइक्सनर हे त्याचे प्रमुख कर्ते होते. कारखान्यांतील यंत्रे व मोजमापाची साधने चालविणाऱ्यांनाही अशा वक्तशीरपणाची निकड होती. त्यामुळे उद्योगांचे पाठबळ त्याला लाभले. सुमारे वीस वर्षे हे काम मुख्य गाभ्याच्या बाहेर पुरवणीच्या रूपाने चालले, त्यातील एकेक अंश आत जात राहिला, आणि २०२४ च्या नोव्हेंबरात प्रसिद्ध झालेल्या ६.१२ ह्या आवृत्तीत उरलेला भाग समाविष्ट झाला. आज घरातील बहुतेक मुद्रणकामासाठी ही पूर्ण सोय चालू करावी लागत नाही. आधीच्या दुरुस्त्यांनीच नेहमीचा गाभा पुरेसा वक्तशीर झाला आहे.

जोडणीचे तत्त्व

गाभा वक्तशीर झाला, तरी संगीतकाराच्या कामाला आज्ञावल्या लागतात. पॉल डेव्हिस ह्यांनी २००० च्या सुमारास ‘आर्डर’ ही बहुमार्गी मुद्रणाची आज्ञावली लिहावयास घेतली. ती लिहीत असताना त्यांच्या लक्षात आले की, ध्वनी एका आज्ञावलीतून दुसरीत नेण्याची सोय स्वतंत्र असली पाहिजे. त्यातून ‘जॅक’ ही मध्यस्थ आज्ञावली निर्माण झाली.

ध्वनिमुद्रणगृहात भिंतीवर छिद्रांची एक पाटी असते. कोणत्याही यंत्रातून निघालेली तार कोणत्याही यंत्राच्या छिद्रात खोचता येते. जॅक हे ह्या पाटीचे संगणकीय रूप आहे. ‘हायड्रोजन’ ही तालवाद्यांची आज्ञावली, गिटारच्या ध्वनीवर संस्कार करणारी ‘गिटारिक्स’ आणि मुद्रण करणारी आर्डर, ह्या तिन्ही वेगवेगळ्या लोकांनी लिहिल्या आहेत. जॅकच्या योगाने त्या एका घड्याळावर चालतात आणि एकीचा ध्वनी दुसरीत नमुन्याचीही चूक न होता जातो. लहान लहान साधने नीट जोडून मोठे काम साधावे, हा युनिक्स परंपरेचा जुना विचार येथे संगीताला लागू झाला आहे.

ह्या व्यवस्थेत बराच काळ एक गैरसोय होती. घरगुती वापराचा ध्वनी, म्हणजे चित्रपट पाहणे किंवा संभाषण करणे, ‘पल्सऑडिओ’ नावाच्या दुसऱ्या मध्यस्थाकडे असे. एकाच ध्वनिसाधनावर दोघांचा दावा होई आणि नवख्या माणसाची त्यात दमछाक होत असे. विम तायमन्स ह्यांनी विकसित केलेल्या ‘पाइपवायर’ने दोन्ही कामे एका छत्राखाली आणली. फेडोरा ह्या लिनक्सच्या संचाने २०२१ साली तिचा मुख्य ध्वनिव्यवस्था म्हणून स्वीकार केला आणि २०२३ च्या नोव्हेंबरात तिची १.० आवृत्ती निघाली. जॅकसाठी लिहिलेल्या आज्ञावल्या तिच्यावर बदल न करता चालतात.

प्रत्यक्ष काम आरंभण्यासाठी फार सामग्री लागत नाही. उबुंटू स्टुडिओसारखा संच, जो २००७ पासून निघत आहे, घेतल्यास मुद्रणाच्या आज्ञावल्या एकत्र मिळतात. ध्वनिसाधन घेताना ते यूएसबीच्या सर्वमान्य ध्वनिसंकेताप्रमाणे चालणारे असावे. अशा साधनाला उत्पादकाची वेगळी आज्ञावली लागत नाही. आपल्या खात्याला ध्वनीच्या कामासाठी अग्रक्रम घेण्याची परवानगी आहे ना, हे तपासावे. मुद्रण करताना तुकडी लहान ठेवावी आणि ध्वनींचे अंतिम मिश्रण करताना ती मोठी करावी. कारण मिश्रणाच्या वेळी कोणी वाजवीत नसते आणि विलंबाचा त्रास होत नाही, उलट संस्कारांसाठी संस्कारकाला अधिक उसंत मिळते.

गांधाराचे उदाहरण

साधन उघडे असण्याचा लाभ केवळ वेळेपुरता नाही. पाश्चात्त्य कळफलकावर सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर ह्या पद्धतीने शुद्ध गांधार सुमारे ३०२.४ कंपनांवर येतो. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गांधार मात्र षड्जाशी पाचास चार ह्या प्रमाणात असतो, म्हणजे बरोबर ३०० कंपनांचा. दोन्ही एकत्र वाजले की त्यांच्या उपस्वरांमध्ये सेकंदाला नऊ-दहा ठोके पडतात आणि सुराला कंप आल्यासारखे वाटते. हार्मोनियमविषयीच्या जुन्या आक्षेपाचे एक मूळ येथेच आहे.

पॉल नास्का ह्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या ‘झिनअ‍ॅडसबएफएक्स’ ह्या मुक्त स्वरसंश्लेषकात प्रत्येक स्वराचे प्रमाण आपण ठरवून देऊ शकतो. ‘सर्ज’ हा संश्लेषक पूर्वी व्यापारी होता. २०१८ साली त्याची संहिता खुली झाल्यानंतर स्वयंसेवकांनी त्यात स्वरांतरे बदलण्याची विस्तृत सोय केली. अशी सोय काही बंद आज्ञावल्यांतही आहे, हे खरे. फरक इतकाच की, ती नसेल तर मुक्त आज्ञावलीत ती घालण्याचा मार्ग मोकळा असतो. अल्पसंख्य गरजांना बाजारात सहसा प्राधान्य मिळत नाही. म्हणून बारा समान स्वरांच्या चौकटीत न बसणाऱ्या संगीतपरंपरांना ह्या मोकळिकीचे महत्त्व विशेष आहे.

मर्यादा

ह्या प्रणालीच्या अडचणींकडे काणाडोळा करणे योग्य होणार नाही. व्यावसायिक मुद्रणगृहांत ज्या ‘प्रो टूल्स’चा वापर रूढ आहे, ती लिनक्सवर उपलब्ध नाही. नामांकित कंपन्यांचे अनेक वाद्यसंच व संस्कारक केवळ विंडोज आणि मॅक ह्यांच्यासाठी निघतात. मध्यस्थ आज्ञावलीच्या साहाय्याने त्यांपैकी काही चालविता येतात, पण त्याची खात्री देता येत नाही. काही ध्वनिसाधनांतील अंतर्गत मिश्रणाची बटणे उत्पादकाच्या आज्ञावलीवाचून हलत नाहीत. ज्याला दररोज दुसऱ्या मुद्रणगृहांशी कामाची देवाणघेवाण करावी लागते, त्याने प्रत्येक मार्गाचा ध्वनी सुट्या धारिकांच्या रूपाने पाठविण्याची सवय ठेवावी; अशा धारिका कोठेही उघडतात.

दुसरी अडचण श्रमाची आहे. संहिता उघडी असली तरी ती वाचणारे थोडेच असतात, आणि पुष्कळ उपयुक्त आज्ञावल्या एकदोन व्यक्तींच्या चिकाटीवर उभ्या असतात. आर्डरची संहिता विनामूल्य मिळते, तयार प्रतीसाठी मात्र वर्गणी घेतली जाते. ह्या वर्गणीवरच तिचे काम चालते. ध्वनिमिश्रणाचे मंच बनविणाऱ्या हॅरिसन ह्या कंपनीने २००९ साली आर्डरच्या पायावर ‘मिक्सबस’ ही आज्ञावली बाजारात आणली. मुक्त संहिता आणि व्यवसाय ह्यांचे वैर असतेच असे नाही, हे ह्यावरून दिसते. कॉर्गच्या ‘ओएसिस’ आणि ‘क्रोनॉस’ ह्या कळफलकांच्या पोटातही लिनक्सच होते. वाजविणाऱ्यांपैकी किती जणांना त्याची कल्पना असेल, कोण जाणे.

काम टिकण्याचा प्रश्न

शेवटी एका गोष्टीकडे वाचकांचे लक्ष वेधणे आवश्यक आहे. जुन्या ध्वनिफिती आजही वाजतात, कारण त्या वाजविणारे यंत्र कसे असते हे माहीत आहे. संगणकावरील मुद्रणाचे तसे नाही. ध्वनीच्या धारिका उरल्या, तरी कोणता मार्ग कोठे कापला, कोणाचा आवाज किती ठेवला, हे सारे आज्ञावलीच्या स्वतःच्या लिपीत नोंदलेले असते. ती आज्ञावली निघेनाशी झाली किंवा तिचा परवाना संपला की मूळ कलाकृतीची मांडणी तिच्याच कर्त्याला दुर्लभ होते. आर्डरमध्ये ही नोंद साध्या अक्षरांत, वाचता येईल अशा मजकुराच्या रूपाने असते आणि ध्वनी नेहमीच्या सर्वमान्य धारिकांत राहतो. आज्ञावली उद्या कोणी चालविली नाही, तरी तिची संहिता आणि ही नोंद हाताशी असल्यास जाणकार माणूस त्या मांडणीपर्यंत पोहोचू शकेल.

तेव्हा नव्याने काम आरंभणाऱ्याने साधनाची निवड करताना दोन प्रश्न विचारावेत. माझ्या हाताला हे साधन वेळेवर उत्तर देते काय? आणि दहा-वीस वर्षांनी माझे काम मला परत उघडता येईल काय? पहिल्या प्रश्नाला लिनक्सने दोन दशकांच्या परिश्रमांनी समाधानकारक उत्तर मिळविले आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिच्या मुळातील मोकळिकीतच आहे. ज्याला आपल्या कामासाठी एखादी ठरावीक बंद आज्ञावली अपरिहार्य आहे, त्याने ती जरूर वापरावी. तथापि आपल्या ध्वनींची एक प्रत सर्वमान्य स्वरूपात वेगळी काढून ठेवण्यास त्याने विसरू नये.